८४-५ ने हरलेली टीम वर चाललीय, ती कशी?

२०२५ च्या ३१ ऑगस्टला आमच्याकडे गौरी आल्या होत्या, रात्री सगळं आवरून झाल्यावर मी फोन घेऊन कोपऱ्यात बसले आणि बायकांच्या रग्बी वर्ल्ड कपमधली ब्राझील विरुद्ध फ्रान्स मॅच बघत होते. मध्येच मी जोरात टाळ्या वाजवल्या तसा दादा आतून आला, म्हणाला काय झालं. म्हटलं ब्राझीलने ट्राय मारला, पाच पॉइंट. मॅच संपल्यावर त्याने परत विचारलं, शेवटी किती झाले गं? ब्राझील पाच, फ्रान्स चौऱ्याऐंशी. तो माझ्याकडे बघतच राहिला. अगं एवढा मार खाल्ला आणि तू खूश कसली होतेस?

त्याला ते समजवायला मला पुढचा तासभर लागला, कारण स्कोअर बघून ही गोष्ट कळतच नाही. रग्बीत काय असतं ते आधी माहीत हवं, मग रग्बीचे दोन प्रकार, मग ब्राझीलचा एक जुना कायदा, एवढं झालं की मग त्या पाच पॉइंटची किंमत कळते. त्याला सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी खेळ. आपल्याला कबड्डी माहितीय त्यामुळे अर्धं काम सोपं आहे. रग्बीतला टॅकल म्हणजे धावत्या माणसाला घातलेली पकडच, कमरेखाली खांदा लावायचा, हातांनी मिठी मारायची आणि खाली आणायचं. फरक एवढाच की इथे पकडायचं त्याला ज्याच्या हातात बॉल आहे, बाकी कोणाला हात लावायचा नाही. बॉल हातात घेऊन पुढे धावता येतं, लाथ मारून पुढे पाठवता येतो, पण हाताने पास द्यायचा तर मागेच किंवा फार तर सरळ आडवा द्यायचा, पुढे चालत नाही. सगळा खेळ या एका नियमावर उभा आहे. पुढे जायचंय पण बॉल मागे देत जायचंय, म्हणून सगळी टीम एका तिरक्या रांगेत पळताना दिसते. पलीकडच्या रेषेमागे जाऊन बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ पॉइंट. नुसती रेषा ओलांडून भागत नाही, बॉल टेकवावाच लागतो. त्यानंतर खांबांमधून किक मारली तर आणखी २. समोरच्याने नियम मोडला आणि तुम्ही खांबांमधून पेनल्टी मारली तर ३.

याचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात पंधरा पंधरा जणी, चाळीस चाळीस मिनिटांचे दोन हाफ. दुसऱ्यात, त्याला सेव्हन्स म्हणतात, सात सात जणी आणि हाफ फक्त सात मिनिटांचा. आणि मैदान? मैदान तेवढंच, साधारण शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद! म्हणजे तेवढ्याच जागेत निम्म्याहून कमी माणसं, त्यामुळे सेव्हन्समध्ये मोकळी जागा भरपूर, एकदा कोणी सुटली की तिला गाठायला मागे कोणी नसतं. वेग असलेल्या पोरींचा खेळ आहे तो. पंधराच्या खेळात तशी मोकळी जागा मिळत नाही, ती ढकलून, रेटून, दहा-दहा वेळा आदळून तयार करावी लागते. क्रिकेटमध्ये टी-ट्वेन्टी आणि टेस्टमध्ये जेवढा फरक आहे त्याहून मोठा फरक आहे हा, कारण इथे माणसांची संख्याच बदलते आणि कोणत्या बांध्याची माणसं लागतात तेही बदलतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ब्राझील. फुटबॉलचा देश, त्यात वाद नाही. ज्या चार्ल्स मिलरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साओ पाउलोत फुटबॉल रुजवला असं म्हणतात त्याच माणसाचं नाव तिथल्या रग्बीच्या सुरुवातीशीही जोडलं जातं, पण फुटबॉल घराघरात गेला आणि रग्बी इंग्रज वळणाच्या क्लबांच्या कुंपणातच राहिला.

आणि बायकांचं काय? १९४१ साली ब्राझीलमध्ये एक सरकारी हुकूम निघाला की बायकांनी त्यांच्या 'प्रकृतीला न मानवणारे' खेळ खेळू नयेत. त्यात कुठले खेळ ते स्पष्ट नव्हतं. १९६५ मध्ये, लष्करी राजवट आल्यावर, क्रीडा मंडळाने यादीच काढली, सगळ्या प्रकारच्या कुस्त्या, फुटबॉल, वॉटर पोलो, वेटलिफ्टिंग, बेसबॉल, आणि त्या यादीत रग्बीचंही नाव होतं. नाव घेऊन बंदी. ती उठली १९७९ मध्ये. म्हणजे आज जी बाई साठीत आहे ती शाळेत असताना तिने रग्बी खेळणं ब्राझीलमध्ये नियमाविरुद्ध होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसले. कारण बंदी उठली म्हणून दुसऱ्या दिवशी मैदानं भरत नाहीत, कोच नसतात, बूट नसतात, आईला माहीत नसतं की मुलगी काय खेळायचं म्हणतेय. ती मधली वीस-पंचवीस वर्षं कुठल्याच रेकॉर्डमध्ये दिसत नाहीत पण ती जातातच.

२००४ मध्ये व्हेनेझुएलात दक्षिण अमेरिकेची पहिली महिला सेव्हन्स चॅम्पियनशिप झाली आणि ती ब्राझीलने जिंकली. त्यानंतर जवळजवळ दर वेळी तेच जिंकत आले. टीमला इयारावरून नाव पडलं याराज. इयारा ही तुपी लोककथांमधली पाण्याची मालकीण, अॅमेझॉनच्या नद्यांमध्ये राहणारी, आपल्याकडे विहिरी-डोहांच्या आसरा असतात ना, साधारण तशी, जिचं नाव घेताना थोडी भीती आणि थोडा आदर दोन्ही असतं. मला हे नाव फार आवडतं.

इथे कोणीही विचारेल की दक्षिण अमेरिकेत रग्बी म्हटलं की अर्जेंटिना, मग बायकांमध्ये ब्राझील पुढे कसं? अर्जेंटिनाची पुरुषांची टीम २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसरी आली होती, जगातल्या मोठ्या टीम्सना हरवते, आणि तरी बायकांच्या पंधराच्या वर्ल्ड कपला दक्षिण अमेरिकेतून पहिल्यांदा पोचली ती ब्राझील. माझं मत असं की अर्जेंटिनाला त्यांची परंपराच आडवी आली. तिथल्या जुन्या क्लबांमध्ये वाटणी ठरलेली, मुलगे रग्बीला आणि मुली हॉकीला. म्हणून तर त्यांची महिला हॉकी टीम, लास लिओनास, एवढी भारी आहे, कारण चांगल्या पोरी लहानपणापासून तिकडे जातात. ब्राझीलमध्ये रग्बी कोणाचाच नव्हता, कुठल्या मोठ्या पुरुष टीमची सावली नव्हती, त्यामुळे मुली आल्या तेव्हा त्यांना कोणाच्या मागच्या दाराने यावं लागलं नाही. आज ब्राझीलच्या रग्बीची ओळख विचारली तर पुरुषांच्या टीमआधी याराजचं नाव येतं.

पण खरा धक्का, चांगल्या अर्थाने, बसला ऑक्टोबर २००९ मध्ये. कोपनहेगनला ऑलिम्पिक कमिटीची बैठक होती आणि त्याच एका बैठकीत दोन निर्णय झाले, २०१६ चं ऑलिम्पिक रिओला आणि २०१६ पासून रग्बी सेव्हन्स ऑलिम्पिकमध्ये, पुरुषांचं आणि बायकांचं दोन्ही. यजमान देशाला थेट प्रवेश. म्हणजे ब्राझीलच्या महिला टीमला बसल्या जागी कळलं की सात वर्षांनी आपण आपल्या देशात ऑलिम्पिक खेळणार आहोत. त्यामुळे जे खेळाडू स्वतःच्या खिशातून खेळत होते त्यांना कॅम्प मिळाले, परदेशी कोच आले, सरकारची बोल्सा अॅटलेटा नावाची खेळाडूंसाठीची मासिक मदत आहे ती मिळण्याचा रस्ता उघडला. ऑलिम्पिकचा शिक्का बसला की खेळाकडे बघायची नजर बदलते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

निकाल बघा. २०१५ ला टोरोंटोच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत ब्राँझ. २०१६ ला रिओत बारा टीम्समध्ये नववा नंबर. २०१९ ला हाँगकाँगमध्ये फायनलला स्कॉटलंडला हरवून वर्ल्ड सिरीजमध्ये पूर्ण मोसमाची जागा मिळवली, म्हणजे तिथून पुढे वर्षभर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया यांच्याशी खेळायला मिळालं. टोकियोला अकरावा, पॅरिसला दहावा. नंबर फार वर गेलेला दिसत नाही हे खरंय, पण पॅरिसमध्ये त्यांनी ज्या फिजीला हरवलं ती टीम टोकियोची ब्राँझ मेडल विजेती होती.

यातल्या दोघींबद्दल जरा थांबून सांगते कारण त्या दोघी माझ्यासाठी ही अख्खी गोष्ट आहेत.

बियांका सिल्वा साओ पाउलोच्या पाराइसोपोलिसची. नावाचा अर्थ स्वर्गनगरी, पण ती आहे फावेला, म्हणजे झोपडपट्टी, शहरातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, आणि ती मोरुंबी नावाच्या श्रीमंत वस्तीला अगदी चिकटून आहे. तुम्ही तो फोटो पाहिला असेल, एका बाजूला दर बाल्कनीत स्वीमिंग पूल असलेली बिल्डिंग आणि भिंतीपलीकडे विटांच्या घरांची गर्दी, तीच जागा. तिथे २००४ पासून रग्बी पारा तोदोस, म्हणजे सगळ्यांसाठी रग्बी, नावाचा प्रकल्प चालतो, वस्तीतल्या मुलामुलींना रग्बी शिकवतात, आणि बियांका त्यातून आली. ज्या खेळाला शंभर वर्षं क्लबचं कुंपण होतं त्याच्या नॅशनल टीममध्ये ती वस्तीतून आली. टीममध्ये अशा बऱ्याच आहेत, थालिया आणि थालिता कोस्टा या जुळ्या बहिणी तर ईशान्येकडच्या मारान्याओ राज्यातल्या, साओ पाउलोपासून हजारो किलोमीटर लांब.

दुसरी राकेल कोखान. दक्षिणेकडच्या सांता कातारिना राज्यातली, आधी फुटबॉल खेळायची. रिओ खेळली, टोकियो खेळली. टोकियोच्या आधीच तिला छातीत गाठ जाणवली होती, २०२२ मध्ये निदान झालं, कॅन्सर. ऑपरेशन, स्तन काढावे लागले, मग केमो. ज्या खेळात रोज छातीवर आणि खांद्यावर माणसं येऊन आदळतात त्या खेळात ती परत येईल असं किती जणांना वाटलं असेल? ती २०२४ च्या सुरुवातीला परत मैदानात आली आणि त्या जुलैत पॅरिसला सेन नदीवर बोटींची मिरवणूक निघाली तेव्हा ब्राझीलचा झेंडा कनूइंगवाल्या इझाकियास केइरोझसोबत राकेलच्या हातात होता. १९६५ च्या यादीतला खेळ आणि २०२४ चा झेंडा, मी ती मिरवणूक बघताना रडले होते, सांगायला लाज कसली.

हे सगळं झालं सेव्हन्सचं. आता पंधराचं, कारण गौरीच्या रात्री मी बघत होते तो वर्ल्ड कप पंधराचा होता आणि तिथे याराज जवळजवळ नवख्या आहेत.

दादाला मी इथे स्क्रम समजावला, तुम्हालाही सांगते. छोटी चूक झाली, उदाहरणार्थ बॉल हातातून पुढे सांडला, की खेळ स्क्रमने परत सुरू होतो. पंधराच्या खेळात दोन्ही बाजूंच्या आठ-आठ जणी, पुढच्या रांगेत तीन, मागे दोन, मग तीन, एकमेकींना घट्ट धरून वाकतात आणि समोरच्या आठांना खांद्याला खांदा भिडवून ढकलतात, मध्ये बॉल सोडतात. दोन्हीकडून सहाशे किलोच्या वर वजन येतं आणि ते सगळं पुढच्या तिघींच्या मानेवर, खांद्यावर. पाय किती वाकवायचे, पाठ कशी सपाट ठेवायची, शेजारणीचा जर्सी कुठे धरायचा, जोर नेमका कधी एकदम लावायचा, हे पुस्तकातून येत नाही आणि जिममधूनही पूर्ण येत नाही, शेकडो वेळा खऱ्या समोरच्या टीमला भिडूनच येतं. एकीचा खांदा सुटला की आठही जणी मागे जातात, आणि मागे जाताना स्क्रम कोसळला किंवा सुटला की पेनल्टी, पेनल्टी म्हणजे समोरची टीम बॉल लाथेने तुमच्या रेषेजवळ नेणार, तिथून लाइनआउट, म्हणजे बाजूच्या रेषेवरून बॉल आत फेकायचा, तिथून पुन्हा घोळका करून ढकलत ट्राय. सेव्हन्समध्येही स्क्रम असतो पण तीन-तीन जणींचा, चटकन होतो आणि संपतो.

आता बघा, सेव्हन्सची टीम बनवायला बारा-तेरा जणी पुरतात, छोट्या गावातला क्लबही ते करू शकतो. पंधराच्या एका मॅचला एका बाजूला तेवीस लागतात आणि सराव करायचा तर समोर तेवढ्याच हव्यात, शिवाय त्यात भारी अंगाच्या, उंच, चपळ अशा वेगवेगळ्या जागांसाठी वेगवेगळ्या. ब्राझीलमध्ये बायकांचे बरेचसे क्लब म्हणूनच सेव्हन्स खेळतात. म्हणजे त्यांच्याकडे धावणाऱ्या पोरी तयार आहेत, पण आठ जणींचा स्क्रम तयार व्हायला ज्या मॅचेस लागतात त्याच नाहीत. फ्रान्सच्या बायका १९८२ पासून आंतरराष्ट्रीय मॅच खेळतायत आणि १९९१ पासून एकही वर्ल्ड कप चुकलेला नाही. ब्राझीलच्या बायकांची पंधराची पहिली आंतरराष्ट्रीय मॅच २००८ ची, नेदरलँड्सविरुद्ध, आणि त्यानंतर बरीच वर्षं जवळपास काही नाही. (आपल्याकडे तर ही सुरुवात २०१८ ला झाली, भारताच्या महिलांची पहिली पंधराची मॅच सिंगापूरमध्ये, कॅप्टन पुण्याची वाहबिज भरुचा, त्यामुळे ब्राझीलची अडचण आपल्याला लांबून का होईना कळू शकते.)

आणि दक्षिण अमेरिकेत एक प्रतिस्पर्धी होताच, कोलंबिया. सेव्हन्समध्ये ब्राझीलची दादागिरी, पण पंधरात कोलंबियाने त्यांना २०२० मध्ये मेदेयिनला हरवलं, फक्त चार पॉइंटने, आणि पुढच्या वर्ल्ड कपच्या पात्रतेचा रस्ता ब्राझीलसाठी तिथेच बंद झाला. कोलंबियालाही पुढे आणखी खंडांच्या टीम्सशी खेळावं लागलं आणि त्याही वर्ल्ड कपला पोचल्या नाहीत. मग २०२५ साठी वर्ल्ड कप बारावरून सोळा टीम्सचा झाला आणि दक्षिण अमेरिकेला पहिल्यांदा थेट एक जागा मिळाली. कोणी म्हणेल दार रुंद केलं म्हणून आत आले. दार रुंद केलं हे खरंय, पण दारात कोलंबिया उभी होती, आणि जून २०२४ मध्ये पॅराग्वेत ब्राझीलने त्यांना ३४-१३ ने हरवलं. पॅरिस ऑलिम्पिकच्या जेमतेम महिनाभर आधी. दक्षिण अमेरिकेतून बायकांच्या वर्ल्ड कपला जाणारी पहिली टीम.

इंग्लंडमध्ये गटात कोण आलं तर फ्रान्स, इटली, दक्षिण आफ्रिका. कोच उरुग्वेचे एमिलियानो काफेरा. पहिली मॅच २४ ऑगस्टला नॉर्थहॅम्प्टनमध्ये, दक्षिण आफ्रिका ६६, ब्राझील ६. वर्ल्ड कपमधले ब्राझीलचे अगदी पहिले पॉइंट पेनल्टी किकचे होते आणि ती किक मारली राकेल कोखानने, होय, तीच. दुसरी मॅच एक्सेटरला, फ्रान्सशी, जी मी बघत होते. तिथे बियांका सिल्वा ट्रायची रेषा ओलांडून गेली आणि तिने बॉल टेकवला, ब्राझीलचा वर्ल्ड कपमधला पहिला ट्राय. त्यावरची किक आत गेली नाही म्हणून सातचे पाचच राहिले. तिसरी मॅच इटली ६४, ब्राझील ३. तिन्ही हरल्या, घरी गेल्या.

दादाचं म्हणणं होतं की एवढ्या फरकाने हरणाऱ्या टीम्सना बोलवायचंच कशाला. त्याला मी जपानच्या पुरुष टीमचं सांगितलं. १९९५ च्या वर्ल्ड कपमध्ये जपान न्यूझीलंडकडून १४५-१७ ने हरलं होतं. एकशे पंचेचाळीस! तेव्हाही लोक हेच म्हणाले असणार. बरोबर वीस वर्षांनी, २०१५ मध्ये ब्रायटनला, जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ ने हरवलं, आणि रग्बीवाले आजही ती मॅच विसरत नाहीत. मधली वीस वर्षं जपान दर वर्ल्ड कपला येत राहिलं, हरत राहिलं, घरी लीग उभी करत राहिलं. जपानकडे पैसा होता, मोठ्या कंपन्यांच्या टीम्स होत्या, ब्राझीलकडे तसं काही नाही, त्यामुळे ब्राझीलला वीसच वर्षं लागतील असं मी म्हणत नाही, जास्तही लागतील. पण मोठ्या टीमला भिडल्याशिवाय स्क्रम शिकता येत नाही.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच पोरी सेव्हन्सही खेळतात आणि पंधराही, राकेल दोन्ही, बियांका दोन्ही. सेव्हन्ससाठी शरीर हलकं आणि वेगवान हवं, पंधरासाठी जड टक्कर सोसणारं, आणि पैसा येतो तो ऑलिम्पिकमुळे, म्हणजे सेव्हन्सला. पुढचं ऑलिम्पिक २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये आणि बायकांचा पुढचा वर्ल्ड कप २०२९ ला ऑस्ट्रेलियात. एका वर्षाच्या अंतराने दोन वेगळ्या खेळांसाठी तीच माणसं तयार करायची हे फार अवघड आहे. पुढच्या रांगेसाठी नव्या मुली शोधाव्या लागतील, ज्या सेव्हन्सला कधीच निवडल्या गेल्या नसत्या, ज्यांना आजवर कोणी सांगितलंच नाही की तुझ्या अंगकाठीला रग्बीत जागा आहे.

दादा शेवटी म्हणाला, बरं, मग पुढच्या वेळी बघताना मी बघू काय, स्कोअर तर वाईटच असणार. म्हटलं स्क्रम बघ. पहिल्या हाफमध्ये किती वेळा ब्राझीलच्या आठ जणी जागेवर उभ्या राहतात ते मोज, आणि दुसऱ्या हाफमध्ये, पाय थकल्यावर, किती वेळा राहतात ते मोज. पुढच्या रविवारी त्याने इटलीची मॅच लावली, पहिल्या स्क्रमला पुढे वाकून बसला, आणि आई आतून हाक मारत होती तरी उठला नाही.